स्विफ्टच्या दोन लेखण्या

परीक्षेच्या हंगामात उत्तरपत्रिकांच्या केंद्रीय तपासणीसाठी आम्ही काही मराठीचे अध्यापक एका दालनात बसलो होतो. शेजारच्या टेबलावर इंग्रजीचे सहकारी होते. त्यांच्यातील एका ज्येष्ठ बाईंनी एक उत्तरपत्रिका उचलून आमच्यापुढे धरली. शेक्सपिअरच्या नाटकावरील त्या उत्तरात 'यू' हे सर्वनाम एकाच अक्षरात आटोपले होते आणि 'बिकॉज'मधले बरेचसे स्वर गळून पडले होते. "मोबाईलने भाषेची पार माती केली हो," बाई म्हणाल्या. आम्हीही माना डोलावल्या. मराठीच्या टेबलावर तरी याहून वेगळे काय चालले होते?

माना डोलावल्या खऱ्या, पण गोष्ट मनात राहिली. जालावरच्या आणि भ्रमणध्वनीवरच्या सैल लेखनाने इंग्रजी भाषा बिघडत आहे, हे विधान आपण सारेच इतक्या सहजपणे करतो की त्याला काही पुरावा लागतो याचाच विसर पडतो. म्हणून या तक्रारीचा इतिहास थोडा मागे जाऊन चाळण्याचे आम्ही ठरवले. त्या वाटेवर ठळकपणे भेटला तो जोनाथन स्विफ्ट.

२८ सप्टेंबर १७१० रोजी 'टॅटलर' या लंडनच्या नियतकालिकाच्या २३० व्या अंकात स्विफ्टने इंग्रजीच्या अधोगतीवर एक लेख लिहिला. त्यात त्याने नव्या फॅशनच्या गृहस्थाचे म्हणून एक पत्र नमुन्यादाखल दिले आहे. पत्र अर्थात स्विफ्टनेच रचलेले. त्यात शब्द मध्येच तोडलेले आहेत, स्वर गाळलेले आहेत, दोन-तीन शब्द एकमेकांत कोंबलेले आहेत. त्याचा मुख्य राग लांब शब्दांचे शेपूट छाटून पहिला तुकडा तेवढा वापरण्याच्या खोडीवर होता. 'पॉझिटिव्ह'चे 'पॉझ', 'रेप्युटेशन'चे 'रेप', 'फिजिऑनॉमी'चे 'फिझ'. चंचल जमाव या अर्थाच्या 'मोबिले व्हल्गुस' या लॅटिन शब्दजोडीचे कोणीतरी 'मॉब' केले होते, त्याचा तर त्याला विशेष तिटकारा. यांपैकी 'पॉझ' केव्हाच विस्मृतीत गेले. 'मॉब' मात्र असा रुजला की आज त्याच्यावाचून इंग्रजी वृत्तपत्राचे पान भरत नाही, आणि तो अपभ्रष्ट आहे असे म्हणणारा कोणी उरलेला नाही.

दोन वर्षांनी, १७१२ साली, स्विफ्टने हाच विषय मोठ्या गांभीर्याने घेतला. लॉर्ड ट्रेझरर रॉबर्ट हार्ली यांना उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावात त्याने फ्रेंच अकादमीच्या धर्तीवर एक विद्वत्सभा नेमावी आणि भाषा एकदाची सुधारून कायमची स्थिर करून टाकावी, अशी मागणी केली. बिघाडाचे खापर त्याने दरबारी छानछोकीवर, छंदासाठी स्वर गाळणाऱ्या कवींवर आणि उच्चारानुसार स्पेलिंग करू पाहणाऱ्यांवर फोडले. यादी वाचताना गंमत वाटते. 'मोबाईल' एवढा एक शब्द घातला की ती आमच्या स्टाफरूममधली होते. १७१४ साली राणी ॲन वारली, हार्लीची सत्ता गेली आणि अकादमी कागदावरच राहिली.

आता या कथेचा दुसरा पदर. 'टॅटलर'मधला लेख ज्या महिन्यात छापला गेला, त्याच महिन्यात, २ सप्टेंबर १७१० रोजी, स्विफ्टने डब्लिनला राहणाऱ्या एस्थर जॉन्सन आणि तिच्या सोबतिणीला पत्रे लिहायला आरंभ केला होता. तीच पुढे 'जर्नल टु स्टेला' म्हणून प्रसिद्ध झाली. १७१३ पर्यंत चाललेल्या या पत्रांत स्विफ्ट एक खाजगी लाडिक बोली वापरतो. तीत तो 'र'चा 'ल' करतो, शब्द मुद्दाम बोबडे लिहितो आणि आपल्यासाठी व त्या दोघींसाठी केवळ व्यंजनांची आद्याक्षरी नावे योजतो. त्यांतल्या काहींचा नेमका अर्थ काय, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. दिवसा छाटलेल्या शब्दांवर आसूड ओढणारा हा धर्मोपदेशक रात्री मेणबत्तीच्या उजेडात शब्द छाटत बसलेला आहे!

यात ढोंग शोधण्याचा मोह होईल, पण तो टाळावा असे आम्हांला वाटते. स्विफ्टजवळ दोन लेखण्या होत्या आणि कोणती केव्हा उचलायची हे त्याला पक्के ठाऊक होते. स्टेलाला लिहिलेल्या बोबड्या ओळींनी त्याचे गद्य नासले असेल, तर १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये त्याची खूण सापडायला हवी. ती सापडत नाही.

भाषा स्थिर करण्याचे स्वप्न सॅम्युअल जॉन्सननेही पाहिले होते. १७४७ साली कोशाचा आराखडा मांडताना त्याची उमेद शाबूत होती. १७५५ साली कोश प्रसिद्ध झाला तेव्हा प्रस्तावनेत त्याने प्रांजळपणे कबूल केले, की कोशकाराला भाषेवर मसाले चोळून तिला ममीसारखी टिकवता येत नाही. आठ-नऊ वर्षे शब्दांत राबलेल्या माणसाची ही कबुली आमच्या दृष्टीने सगळ्या विद्वत्सभांहून वजनदार आहे.

पुढचा प्रवास झपाट्याने सांगता येईल. १८३० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या वृत्तपत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे करण्याची एक टूम निघाली होती. 'ऑल करेक्ट' हे शब्द अशुद्ध लिहून त्यांची आद्याक्षरे २३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'ने छापली. तीच आपली 'ओके'. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात हा उगम शोधून काढला. १८४४ नंतर तार आली. शब्दागणिक पैसे पडू लागल्यावर उपपदे आणि साहाय्यक क्रियापदे मुकाट्याने बाहेर पडली. आपल्याकडे तर सणावारांच्या शुभेच्छांना क्रमांक दिलेले असत आणि तारेत तेवढा क्रमांक लिहिला की काम भागे. ही तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, पण तारेच्या भाषेने आपल्या आजोबांची पत्रे बिघडवली असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आजच्या तरुणांची म्हणून हिणवली जाणारी 'ओएमजी' ही आद्याक्षरे तर ब्रिटिश आरमाराचे माजी प्रमुख लॉर्ड फिशर यांनी ९ सप्टेंबर १९१७ रोजी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात अर्थासह आढळतात. तेव्हा फिशर शहात्तर वर्षांचे होते.

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पहिला लघुसंदेश गेला. एका संदेशात १६० चिन्हांची मर्यादा. शिवाय अंकांच्या कळांवर इंग्रजी 'एस' उमटवायला सातची कळ चार वेळा दाबावी लागे. अशा यंत्रावर कोण पूर्ण स्पेलिंग लिहील? २००७ साली बीबीसीचे ख्यातनाम निवेदक जॉन हम्फ्रीज यांनी 'डेली मेल'मध्ये लेख लिहून या संदेशकर्त्यांना चंगीझखानाच्या पंगतीला बसवले. पुढच्याच वर्षी डेव्हिड क्रिस्टल यांनी या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहून ही भीती खोडून काढली. त्याच वर्षी साली टॅग्लियामॉन्टे आणि डेरेक डेनिस यांनी टोरंटोच्या बहात्तर तरुणांच्या तत्काळ संदेशांतील दहा लाखांहून अधिक शब्द तपासले. ज्यांचा एवढा बाऊ होतो ती संक्षेपरूपे तीन टक्केही भरली नाहीत. २००९ साली बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि पूजा जोशी यांनी दहा ते बारा वर्षांच्या ८८ ब्रिटिश मुलांच्या पाहणीत दाखवले, की संक्षेपांचा अधिक वापर करणारी मुले वाचनात सरस होती. यावरून संक्षेपांमुळे वाचन सुधारते असे कोणी म्हणू नये. ध्वनी आणि अक्षर यांचे नाते ज्याला कळले आहे, त्यालाच त्या नात्याशी खेळता येते, एवढेच फार तर म्हणता येईल.

मग बिघडलेले काहीच नाही काय? इतके निश्चिंत होणे आम्हांला जमत नाही. नेओमी बॅरन यांनी 'ऑल्वेज ऑन' या २००८ सालच्या पुस्तकात संक्षेपांपेक्षा वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. नियम पाळला काय आणि मोडला काय, फरक काय पडतो, ही बेफिकिरी त्यांना अधिक चिंतेची वाटते. आम्हांला इथे अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेन्द्राची आठवण होते. त्याने 'औचित्यविचारचर्चा' लिहून औचित्यालाच काव्याचे जीवित मानले. अलंकार मुळात वाईट नसतो, तो भलत्या ठिकाणी घातला की हास्यास्पद होतो. स्विफ्टच्या पत्रातला बोबडा शब्द उचित आणि उत्तरपत्रिकेतले एकाक्षरी 'यू' अनुचित, हा भेद औचित्याचा आहे, शुद्धतेचा नव्हे.

आणि हे औचित्यही जाग्यावर उभे राहत नाही. २०१५ साली अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठातील संशोधकांना आढळले, की मोबाईलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर विद्यार्थ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचे वाटते. हस्तलिखित चिठ्ठीत तोच पूर्णविराम निरुपद्रवी ठरला. म्हणजे ज्यांना विरामचिन्हे कळत नाहीत म्हणून आपण हळहळतो, ती मुले पूर्णविरामाचा काकू वाचत आहेत! आमच्या पिढीला हा सूर ऐकू येत नाही. आम्ही 'ठीक आहे'पुढे पूर्णविराम देतो आणि पोरे उगाच घाबरतात.

१९४६ साली जॉर्ज ऑर्वेल यांनी इंग्रजीच्या ऱ्हासावर जो निबंध लिहिला, त्यात आरोपी होते ते सुशिक्षित: राजकारणी, प्राध्यापक, पत्रककार. तयार वाक्प्रयोगांचे ठोकळे जुळवून विचार टाळणारे गद्य त्यांना घातक वाटले. तपासणीच्या दालनात हा निबंध आम्हांला आठवायला हवा होता. त्या दिवशी शेजारच्या टेबलावर एकाच गाइडमधून उतरवलेली कितीतरी उत्तरे एकाच शब्दांत वाचली गेली. स्पेलिंग निर्दोष, अक्षर वळणदार, स्वतःचे एक वाक्य नाही. त्यांना भरघोस गुण पडत होते आणि आम्हीही आमच्या टेबलावर तेच करत होतो.

चहाच्या वेळी बाईंनी ती उत्तरपत्रिका पुन्हा काढली. नायकाच्या एकटेपणाविषयी त्या मुलाने चार वाक्ये अशी लिहिली होती की जी कुठल्या गाइडात सापडणार नव्हती. बाईंनी एकाक्षरी 'यू'भोवतीचे तांबडे वर्तुळ तसेच ठेवले, समासातला आकडा मात्र खोडला आणि दोन गुण वाढवले.