काळ्या राजपुत्राचा घोडा

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मांडतो त्या मावळ्यासारखीच एक छोटी प्रतिकृती डोळ्यांसमोर आणा. घोड्यावर बसलेला, पोलादी चिलखतातला मध्ययुगीन युरोपीय नाइट. संग्राहकांत अशा प्रतिकृतींचे ५४ मिलिमीटर हे माप रूढ आहे. म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्शाएवढी उंची. हौशी मंडळी पेटीतला स्वार नुसता रंगवून थांबत नाहीत. एकाचे डोके दुसऱ्याला बसवतात, पुटीने नवे कपडे घडवतात आणि अनामिक स्वाराचा इतिहासातला नेमका माणूस करतात. इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड ऊर्फ ‘ब्लॅक प्रिन्स’ घडवायला घेतला, की या खेळाचे संशोधन कसे होते ते कळते.

पहिला प्रश्न रंगाचा. नाव काळा राजपुत्र, म्हणून चिलखत काळे रंगवण्याचा मोह होतो. पण हे नाव त्याच्या हयातीतल्या लेखनात नाही. ते लिखित स्वरूपात दिसते सोळाव्या शतकात. चिलखत काळे असल्याचा समकालीन पुरावाही नाही. कँटरबरी कॅथीड्रलमधील त्याच्या समाधीवरची प्रतिमा सोन्याचा मुलामा दिलेली आहे. समाधीवर टांगलेला त्याचा अंगरखा निळ्या-तांबड्या मखमलीचा आणि जरीकामाचा होता. शतकांनी त्याचे रंग विटले, म्हणून मूळ वस्तू आता काचेआड जपून ठेवली आहे. रंगवणाऱ्याने विटलेला रंग उचलायचा नसतो, विटण्यापूर्वीचा शोधायचा असतो.

दुसरा प्रश्न चिलखताचा. समजा, हाताशी असलेली प्रतिकृती १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईतल्या नाइटची आहे. तिच्या गळ्याभोवती पोलादी पत्रा आहे. राजपुत्राची लढाई प्वातियेची, १९ सप्टेंबर १३५६ ची. समाधीवरच्या प्रतिमेत शिरस्त्राणाखालून खांद्यांवर कड्यांची जाळी उतरते आणि छातीवर घट्ट, आखूड अंगरखा आहे. तेव्हा गळ्याचा पत्रा कानशीने घासून काढायचा आणि तिथे पुटीचा थर देऊन, ती ओली असतानाच सुईच्या टोकाने एकेक कडी उठवायची. या कामी फ्रुआसारच्या बखरीच्या सचित्र हस्तलिखितांकडे पाहणारा फसतो. त्यांतली बहुतेक प्रसिद्ध चित्रे पंधराव्या शतकातली. चित्रकारांनी आजोबांच्या काळातल्या वीरांना आपल्या काळाची चिलखते चढवली आहेत.

ढालीवरही साठ वर्षांचे अंतर दिसते. १३४० मध्ये तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगून आपल्या तीन सोनेरी सिंहांशेजारी फ्रान्सची लिलीची फुले घेतली. तेव्हा निळ्या पार्श्वभूमीवर ती फुले सर्वत्र विखुरलेली असत. पुढे फ्रेंच राजांनी तीनच फुले ठेवली आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडनेही तेच केले. म्हणजे तीन फुलांची ढाल प्वातियेला चालत नाही. शिवाय थोरल्या मुलाची खूण म्हणून वर तीन दातांची रुपेरी पट्टी हवी. ती विसरली तर मुलाचा बाप होतो.

मग घोडा. पेटीतला घोडा बहुधा धिप्पाड असतो. इंग्लंडमधील उत्खननांत सापडलेल्या हाडांच्या अलीकडच्या अभ्यासात मात्र मध्ययुगीन घोडे बहुतांशी १४८ सेंटिमीटरहून कमी उंचीचे, आजच्या हिशेबाने तट्टूच, निघाले. हाडांवरून युद्धाचा घोडा ओळखणे कठीण असले, तरी चित्रांतले अजस्र जनावर त्यामुळे संशयास्पद ठरते. आपल्या मापात हा घोडा खांद्यापर्यंत ४६ मिलिमीटर भरतो. १६० सेंटिमीटरचा घोडा ५०. फरक चारच मिलिमीटरचा, पण स्वाराचा सारा रुबाब त्यावर उभा असतो.

शेवटचा प्रश्न सर्वांत अडचणीचा : राजपुत्राला घोड्यावर बसवावेच का? प्वातियेला इंग्रज सरदार लढाईचा बराच भाग पायउतार होऊन लढले. घोडे मागे ठेवले होते. झूल घातलेल्या घोड्याचा भक्कम पुरावा मिळतो तो रणांगणावर नव्हे, मृत्युपत्रात. ७ जून १३७६ रोजी, मरणाच्या आदल्या दिवशी, राजपुत्राने फ्रेंचमध्ये लिहवून घेतले की, आपल्या शवापुढे आपल्या चिन्हांच्या झुली घातलेले दोन युद्धाश्व आणि आपल्याच वेशातले दोन शस्त्रधारी पुरुष चालावेत. एक युद्धासाठी, सिंह व लिलीच्या चिन्हांत. दुसरा शांततेसाठी, शहामृगाच्या पिसांच्या चिन्हात. तो राजा कधी झालाच नाही. बाप त्याच्यामागे वर्षभर जगला.

म्हणून पुराव्याशी प्रामाणिक राहायचे, तर झुलीवर सिंह रंगवताना पायथ्याच्या पट्टीवर ‘प्वातिये, १३५६’ लिहू नये. ‘कँटरबरी, १३७६’ लिहावे. मग स्वाराचा चेहराही बदलावा लागेल, कारण घोड्यावर आता राजपुत्र नाही. त्याचे कपडे घालून त्याच्या अंत्ययात्रेत निघालेला, नाव न उरलेला कुणी माणूस आहे.