सोनौली सीमा नाका

सोनौली हे उत्तर प्रदेशच्या महाराजगंज जिल्ह्यातील भारत-नेपाळ सीमेवरील एक गाव आहे. सीमेपलीकडे नेपाळच्या रुपन्देही जिल्ह्यातील बेलहिया वसले आहे. गौतम बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी येथून जवळ असल्याने अनेक बौद्ध यात्रेकरू या नाक्यावरून नेपाळमध्ये प्रवेश करतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील बौद्धांच्या दृष्टीने या मार्गाला विशेष महत्त्व प्राप्त झाले.

प्रवास

नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसने थेट गोरखपूरला जाता येते. तेथून सोनौली सुमारे १०० किमी असून उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या बस उपलब्ध असतात. नौतनवा हे जवळचे रेल्वे स्थानक होय. सीमा पायी ओलांडता येते; पुढे भैरहवाहून लुंबिनी व काठमांडूकडे बस जातात.

नियम

१९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे व्हिसा शुल्काचा भार पडत नाही. ओळखपत्र मात्र जवळ बाळगावे. इतर देशांच्या नागरिकांना दोन्ही बाजूंच्या आप्रवासन कार्यालयांत नोंद करावी लागते. १ भारतीय रुपयाचा अधिकृत दर १.६० नेपाळी रुपये आहे. नेपाळची प्रमाणवेळ भारताच्या १५ मिनिटे पुढे आहे.