ईस्ट इंडियन समाज
ईस्ट इंडियन समाज : मुंबईची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथील तसेच ठाणे-वसई भागातील मूळ रहिवासी असलेला मराठी भाषक रोमन कॅथलिक समाज. नाव इंग्रजी, आडनावे बहुधा पोर्तुगीज आणि घरातील बोली मराठी, अशी याची घडण आहे. गोव्यातही साष्टी नावाचा तालुका असल्यामुळे जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांचा अर्थ लावताना या दोन प्रदेशांची गल्लत होते. येथे उत्तर कोकणातील साष्टी अभिप्रेत आहे.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या तहान्वये वसई, साष्टी व मुंबई हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मोपदेशकांनी येथील कोळी, कुणबी, भंडारी इ. जातींत धर्मप्रसार केला. त्यात उपदेशाबरोबर सवलती होत्या आणि सक्तीही होती. बोरिवलीजवळील मंडपेश्वरचे शैव लेणे हे याचे बोलके उदाहरण होय. सोळाव्या शतकात त्याचे प्रार्थनामंदिर झाले व वरच्या बाजूस मठ उभा राहिला. पोर्तुगीज सत्ता गेल्यावर शिवपूजेची परंपरा पुन्हा सुरू झाली. तथापि लेण्यातील भिंतीवर कोरलेला क्रूस अद्याप दिसतो. धर्मांतराने जात मात्र पुसली गेली नाही. विवाहसंबंध दीर्घकाळ जातीतच होत राहिले.

मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी व १७३९ मध्ये वसई जिंकली. यूरोपीय पाद्र्यांपैकी बहुतेक निघून गेले; धर्मपीठांचा कारभार एतद्देशीय पाद्र्यांकडे आला व गावे जेथल्या तेथे राहिली. फ्रेंच प्रवासी आंकेतील द्यूपेराँ याने १७६० च्या सुमारास हा प्रदेश पाहिला, तेव्हा येथील ख्रिस्ती लोक आपले उत्सव उघडपणे साजरे करीत होते. त्यांच्या मराठी बोलीत कुरूस (क्रूस), पद्रीन (धर्मपिता) यांसारखे पोर्तुगीज शब्द टिकले. चावी, पगार, घमेले, पाव हे पोर्तुगीज शब्द तर साऱ्या मराठीनेच आपले केले आहेत.

इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नोकरीसाठी गोवा व मंगळूर येथून ख्रिस्ती लोक मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. तेही कॅथलिक, त्यांचीही आडनावे तशीच. परिणामी ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ ही स्थानिकांची जुनी ओळख निरुपयोगी ठरली. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातील मूळचे प्रजाजन आहोत, हे सरकारच्या नजरेस आणण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, बाँबे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली व नवे नाव रूढ झाले. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोचे हिस्पॅनो लोक याच वाटेने गेले. १८४८ मध्ये त्यांचा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. लोक हलले नाहीत, सीमा हलली. पुढे मेक्सिकोतून नवे लोक आल्यावर त्यांच्याहून आपण वेगळे आहोत हे दाखविण्यासाठी त्यांनी ‘स्पॅनिश अमेरिकन’ हे नाव पसंत केले. दोन्ही ठिकाणी नवे नाव घडले ते परधर्मीयांच्या नव्हे, तर स्वधर्मीयांच्या शेजारामुळे, हे लक्षणीय आहे.

नाव बदलले तरी समाजाची खरी ओळख गावाशी निगडित राहिली. अंधेरी परिसरातील आंबोली, मरोळ, कोंडिविटे, चकाला, सहार आणि बोरिवलीकडील एक्सर, गोराई येथील गावठाणांत घरे दाटीने वसलेली असून वाटेवर क्रूस आढळतात. यांपैकी बरेच क्रूस १८९६ पासूनच्या प्लेगच्या काळात, रोगापासून संरक्षण व्हावे म्हणून उभारलेले आहेत. विवाहाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणण्याच्या विधीस ‘उंबराचे पाणी’ म्हणतात. नाव व विधी दोन्ही ख्रिस्तपूर्व ग्रामजीवनातून आलेले दिसतात. वधूचे लुगडे, उन्हाळ्यात अनेक जिन्नस भाजून-कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला ‘बॉटल मसाला’ आणि सणावारी तळलेले फुगे हेही याच परंपरेचे भाग. ऑक्टोबरमधील ‘आगेरा’ हा सुगीचा सण सर्वांत महत्त्वाचा असून त्यात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणतात.

भाताची शेतेच नाहीशी झाली, हा या समाजापुढील विसाव्या शतकातील मोठा प्रसंग. १९५० व १९५७ मध्ये उपनगरे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. मरोळची औद्योगिक वसाहत, सांताक्रूझ-सहार येथील विमानतळ आणि गृहनिर्माण यांखाली शेते व गावे गेली. अंधेरी येथील संत योहान बाप्तिस्ता चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले होते. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे ते सोडून देण्यात आले व बाप्तिस्मापात्र, मूर्ती इ. मरोळच्या नव्या चर्चमध्ये नेण्यात आल्या. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात-क्षेत्राच्या आवारात त्याचे अवशेष गेले आणि पूर्वजांच्या चर्चमध्ये जाण्यास ग्रामस्थांना परवानगी घ्यावी लागू लागली. तेथे वर्षातून एकदा प्रार्थना होते. आगेरा अंधेरीतही साजरा होतो. मात्र लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात.

उपनगरांतील चर्चमध्ये व नव्या पिढीच्या घरांत इंग्रजीचा वापर वाढल्याने बोलीचे क्षेत्र आकुंचित झाले आहे. खाडीपलीकडील गोराई, मनोरी व उत्तन या भागांत ती अधिक टिकून आहे. बोरिवलीहून गोराईस जाण्यास बोटीने खाडी ओलांडावी लागते. जमिनीवरून जायचे तर भाईंदरचा मोठा वळसा पडतो.