चिमूरची बातमी बाहेर गेली कशी

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात ध्वनिमुद्रण चालू असताना गटातल्या एका काकूंनी मधेच माईकवर हात ठेवला. त्या गावातल्या दारूच्या दुकानाबद्दल बोलत होत्या. दुकान पुन्हा सुरू झालं, कोणी सही केली, ग्रामसभेत काय झालं, असं सांगता सांगता थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मी बोलली तं चालन का? का ही बातमी झाली?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दारूमुळे घरात काय होतं, पैसा कुठे जातो, लिव्हर कसं खराब होतं, हे सगळं आपल्या रेडिओवर सांगता येतं. पण कोणी काय ठरवलं आणि कोण कोणाच्या बाजूने उभं राहिलं, याला चालू घडामोड म्हणतात, आणि सामुदायिक रेडिओवर बातम्या व चालू घडामोडी द्यायला नियमाने मनाई आहे. काकूंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग राहू दे," आणि मोहफुलाच्या वाळवणाबद्दल बोलू लागल्या.

तो दिवस आमच्या डोक्यातून गेला नाही. कारण काकू चिमूरकडच्या आणि बातमीची बंदी चिमूरला नवी नाही. म्हणून आजच्या भाषणात आम्ही ती जुनी गोष्ट सांगणार आहोत. शाळेच्या पुस्तकात चिमूरचा धडा असतो, पण तिथली बातमी जगापर्यंत गेली कशी, हे त्यात फारसं नसतं. आणि ती पोहोचवण्यात बायकांचा हात मोठा होता.

१९४२ साली आपला गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता. तो १९८२ च्या २६ ऑगस्टला झाला. तेव्हा सगळाच मुलूख चांदा जिल्ह्यात. वीज नाही, पक्की सडक थोडीच. सगळ्या अखंड हिंदुस्थानात रेडिओचे संच तीन लाखांपेक्षा कमी, तेही शहरांतल्या साहेबांच्या नाहीतर धनवंतांच्या घरी. नागपूरला आकाशवाणीचं केंद्रच नव्हतं, ते स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आलं. आणि रेडिओ होता तोसुद्धा सरकारचा, म्हणजे इंग्रजांचा. गावात बातमी यायची ती कोतवालाच्या दवंडीने, बाजाराच्या दिवशी, दंडारीच्या मंडपात, आणि भजनातून.

भजनातून म्हणजे गंमत नाही. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन बसले की हजारांनी माणूस जमायचं. वर्तमानपत्र वाचायला अक्षरओळख लागते, भजनाला कान पुरतात. बायका, मजूर, आदिवासी, सगळे ऐकत. त्या ऑगस्टमध्ये मुंबईला 'चले जाव'चा ठराव झाला, गांधीजी आणि बाकीचे पुढारी पकडले गेले, आणि महाराजांचा मुक्काम होता चिमूरला. मुंबईत काय झालं ते चिमूरला अशाच वाटांनी कळलं. पुढे त्याच महिन्यात सरकारने महाराजांनाही पकडलं आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनाची भीती सरकारला किती होती, ते यावरून समजा.

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. धानाची रोवणी नुकतीच आटोपत आलेली. सकाळी प्रभातफेरी निघाली, पोलिसांनी पुढाऱ्यांना पकडलं, गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा त्यात गेला. मग लोक भडकले. डाकबंगला जळाला, सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले गेले. झाडं आडवी टाकून, रस्ते तोडून गाव बंद झालं. तीन दिवस चिमूरमध्ये इंग्रजांचं राज्य चाललं नाही. सुभाषबाबूंच्या बर्लिनच्या रेडिओवरून चिमूर स्वतंत्र झाल्याचं सांगितलं गेलं, असं आपल्या भागात आजही म्हातारी माणसं अभिमानाने सांगतात.

मग फौज आली. गावातले पुरुष पकडले गेले नाहीतर रानात पळाले. घरात राहिल्या बायका, लेकरं, म्हाताऱ्या. त्यांच्यावर काय गुदरलं ते इथे शब्दाशब्दाने सांगायची गरज नाही. तुम्हाला कळतं. घरं लुटली गेली, आणि बायकांची अब्रूसुद्धा. दादीबाई बेगडे नावाच्या गावातल्या मान्य बाई अधिकाऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हे थांबवा म्हणून तोंडावर सांगितलं. मान खाली घालून घरात बसणं हाच त्या काळी इज्जतीचा अर्थ होता. अशा वेळी असली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सरकारला सांगणं म्हणजे काय, याचा विचार आम्ही पुन्हा पुन्हा केला. नागपूरहूनही काही स्त्रिया चिमूरला गेल्या, घरोघर बसल्या, बायकांचं म्हणणं ऐकून लिहून आणलं.

लिहून आणलं, पण छापायचं कुठे? सरकारने चिमूरबद्दल छापायला बंदी घातली होती. म्हणजे बोलणाऱ्या होत्या, ऐकून घेणाऱ्या होत्या, फक्त मधला रस्ता तोडलेला.

इथे मुंबईतली एक मुलगी गोष्टीत येते. उषा मेहता, वय बावीस. सुरतेजवळच्या सरस गावची, मुंबईत शिकणारी. पुढारी तुरुंगात गेल्यावर तिने आणि तिच्या सोबत्यांनी चोरून एक रेडिओ केंद्र उभं केलं. त्याचं नाव काँग्रेस रेडिओ. ४२.३४ मीटरवर ते लागायचं. आम्ही भारतातून कुठून तरी बोलतो आहोत, अशी सुरुवात व्हायची, कारण जागेचा पत्ता सांगितला की पोलीस आलेच. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या, म्हणून ही मंडळी यंत्र उचलून एका घरातून दुसऱ्या घरात जायची. ज्या देशाचं ते केंद्र म्हणवत होते, तो स्वतंत्र देश तेव्हा नकाशावर नव्हताच. देश यायच्या आधी त्याचा रेडिओ आला, असं आम्हाला यात वाटतं.

वर्तमानपत्रांना ज्या गोष्टींना हात लावता येत नव्हता त्या या रेडिओने सांगितल्या. चितगाववरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, आणि आष्टी-चिमूरच्या बायकांवरचे अत्याचार. उषाताईंनी म्हातारपणी आपल्या आठवणी सांगताना चिमूरचं नाव घेतलं आहे. जंगलातल्या एका गावातल्या बायकांची हकीकत मुंबईतल्या एका बंद खोलीतून एक मुलगी बोलते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. २७ ऑगस्टला सुरू झालेला हा रेडिओ १२ नोव्हेंबरला पोलिसांनी दार फोडून बंद केला. अडीच महिने चालला. एका माहीतगारानेच पत्ता दिला होता. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, १९४६ मध्ये त्या सुटल्या.

रेडिओ बंद झाला तरी गोष्ट थांबली नाही. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या मंडळात आपल्या वऱ्हाडातले बापूजी अणे होते, त्यांच्याकडे चिमूरच्या बायकांवरच्या अत्याचाराची चौकशी मागितली. ती मिळाली नाही, म्हणून त्यांनी उपोषण धरलं. सरकारने या उपोषणाच्या बातमीवरही बंदी घातली. तेव्हा मात्र संपादकांना राहवलं नाही. ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून त्या दिवसाचा अंकच काढला नाही. बातमी छापू देत नाही तर घ्या, कोरा दिवस. उपोषण दोन महिन्यांवर गेलं होतं, माणूस मरणाच्या दारात होता. १२ जानेवारीला ते सुटलं, कारण सरकारने छापण्याची बंदी उठवायचं कबूल केलं. चौकशी मात्र सरकारने केली नाही. म्हणजे चिमूरच्या बायकांना न्याय मिळाला नाही, पण त्यांच्यावर काय झालं ते बोलायची वाट मोकळी झाली. पुढे आष्टी-चिमूरच्या ज्यांना फाशीची शिक्षा झाली होती त्यांना वाचवायला नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जीव तोडून धावपळ केली, आणि १९४५ मध्ये फाशी टळली. बातमी दडपलीच गेली असती तर कोणासाठी कोण धावलं असतं?

आता स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण तो काळ तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला आहे. इंग्रज गेले, पण रेडिओ सरकारकडेच राहिला. पोस्टातून परवाना काढून रेडिओ घ्यावा लागायचा. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने एक चांगला प्रयोग केला. दीडशे गावांत माणसांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. आपल्या गटाची बैठक आठवते ना? तशीच. फक्त त्यात बहुतेक पुरुषच बसायचे. बाया घरातून, चुलीजवळून ऐकायच्या. गीतरामायण लागलं की रेडिओला हार घालणाऱ्या बायांच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. ऐकायला आपण नेहमीच होतो. बोलायला नव्हतो. आणि गोंडी, माडिया बोलणारीला तर ऐकायलाही आपल्या भाषेत फार थोडं होतं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर निघाले, पण ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत अजून नाही.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. खटला क्रिकेटचे सामने कोणी दाखवायचे याचा होता, पण निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी ठरवलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी नाही, आणि शेठजींचीही नाही. तलाव गावाचा तशा लहरी लोकांच्या. तरी संस्थांना आणि गावच्या लोकांना रेडिओ चालवायची परवानगी मिळायला २००६ चा नोव्हेंबर उजाडला. पुढे १५ ऑक्टोबर २००८ ला आपल्या शेजारच्या तेलंगणातल्या माचनूर गावात दलित शेतकरी बायांचा संघम रेडिओ सुरू झाला, आणि त्याचं उद्घाटन याच सावंतसाहेबांनी केलं. साताऱ्याच्या म्हसवडमध्येही बायांचा रेडिओ उभा राहिला. शंभर वॅटचं यंत्र, तीस मीटरचा मनोरा, आवाज जातो दहा-बारा किलोमीटर. आपल्याकडे मधे डोंगर आणि साग आला की त्याहून कमी.

आणि त्या परवानगीतच ती अट आली: बातम्या नकोत, चालू घडामोडी नकोत. हवामान सांगा, पूर आला तर सांगा, परीक्षेची तारीख सांगा, नोकरीची जाहिरात सांगा. आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी लावा. स्वतःची नको. अटीमागचं कारण आम्हाला अगदीच कळत नाही असं नाही. अफवेने गाव पेटतं, आणि आपल्या जिल्ह्यांत बंदुकीच्या दोन्ही बाजूंनी माणसं मेली आहेत. कोणी तरी खोटं बोलून माईकचा उपयोग करील, ही भीती खरी आहे. पण वर्तमानपत्राला बातमी चालते, मोबाइलवर कोणीही काहीही पाठवतो, आणि ज्या बाईला सगळं गाव ओळखतं, जिचं खोटं दुसऱ्याच दिवशी नळावर पकडलं जाईल, तिलाच तेवढी मनाई, हे आमच्या गळी उतरत नाही.

२०१० च्या डिसेंबरमध्ये चिमूरहूनच हजारो बाया दारूबंदीसाठी नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या होत्या. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बंदी झाली, २०२१ मध्ये उठली. काकू जे सांगत होत्या ते याचंच पुढचं पान. ते आमच्या यंत्रात आलं नाही.

त्या दिवशी यंत्र बंद केल्यावर काकू आणखी अर्धा तास बोलत होत्या. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं आहे, तारीख आणि गावाच्या नावासकट. चिमूर, नेरी, भिसीकडच्या ज्या बायांच्या घरात ४२ च्या त्या दिवसांची आठवण आजीकडून आईकडे आली असेल, त्यांनीही आम्हाला निरोप धाडा. ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट बातमी होत नाही, ती नियमात बसते. धान निघाल्यावर आम्ही यंत्र घेऊन येतो.