जपानी गाडीचे सुटे भाग

यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्यावरून जो मोठा रस्ता दक्षिणेस जातो, त्याला अनेक वर्षें राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ असें नांव होतें. वाराणसीहून निघून कन्याकुमारीस पोंचणाऱ्या या रस्त्यावर पांढरकवड्याच्या उत्तरेस नागपूर व त्याहून वर जबलपूर लागे. आणि दक्षिणेस पैनगंगा ओलांडली कीं आदिलाबादवरून हैदराबाद गांठतां येई. नव्या क्रमपद्धतींत पांढरकवड्याकडील भागास ४४ हा आंकडा मिळाला आहे. जबलपूर आणि यवतमाळ यांचें नातें केवळ रस्त्याचें मात्र नव्हे. मध्यप्रांत व वऱ्हाड या जोडप्रांतांत आणि पुढें जुन्या मध्यप्रदेशांत हीं दोन्ही ठिकाणें एकाच राज्यकारभाराखालीं होतीं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यांत आला, तेव्हां त्यांची फारकत झाली. त्या जबलपुरांत पुढें एक जपानी मालमोटार घडूं लागली. तिची हकीकत म्हणजे सुट्या भागांचीच हकीकत आहे.

मोटारीचा इतिहास सांगतांना ती कोणी काढली आणि किती वेगानें धांवली, एवढेंच बहुधा सांगितलें जातें. गाडी जुनी होऊं लागली म्हणजे तिचें आयुष्य दुसऱ्याच प्रश्नावर अवलंबून राहतें. मोडलेला भाग कोठें मिळणार, आणि तो बसविणारा हात कोणाचा, हा तो प्रश्न होय. ज्या देशांत या प्रश्नाला उत्तर असतें तेथें गाडी पन्नास वर्षें चालते. नसतें तेथें ती पांच वर्षांतच झाडाखालीं उभी राहते.

जपानच्या मालमोटारींचा आरंभही परक्या आराखड्यांवरच झाला. निस्सान कंपनीनें १९३६ मध्यें अमेरिकेंतील ग्रॅहॅम-पेज या कंपनीकडून मालमोटारीचे आराखडे व यंत्रसामग्री विकत घेतली आणि त्यांवर आपल्या कारखान्याची उभारणी केली. महायुद्धांत तो देश उद्ध्वस्त झाला. तथापि १९५० मध्यें कोरियांत युद्ध पेटलें, अमेरिकन सैन्याला जवळच्या जवळ गाड्या हव्या झाल्या, आणि मरगळलेल्या जपानी मोटार-कारखान्यांस पुन्हां काम मिळालें. १९५१ मध्यें निस्साननें चारी चाकांस जोर देणारी 'पॅट्रोल' नांवाची गाडी काढली. पॅट्रोल म्हणजे गस्त. इंधनाशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. तिच्या जोडीला 'कॅरियर' ही मालमोटार होती: पुढें चालकाची जागा, मागें ताडपत्रीखालीं हौदा, आणि घडण अमेरिकन सैन्याच्या पाऊण टनी डॉज गाडीच्या वळणाची. आजच्या पिकअप गाडीची ती सैनिकी बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. तोफांचे गाडे बनविणाऱ्या या कारखान्यांत १९५९ मध्यें जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या सहकार्यानें 'शक्तिमान' मालमोटारीचें काम सुरूं झालें, आणि पुढच्या दशकांत निस्सानच्या दोन गाड्याही तेथें आल्या. १९६९ मध्यें जबलपूरलाच व्हेइकल फॅक्टरी हा स्वतंत्र वाहन-कारखाना उभा राहिला आणि या गाड्यांचें काम तिकडे गेलें. कॅरियरला सैनिक तिच्या भार वाहण्याच्या क्षमतेवरून 'वन टन' म्हणत. पॅट्रोलचें नांव मात्र बदललें. जबलपूर, ऑर्डनन्स व गन कॅरेज या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांतून तिला 'जोंगा' हें नवें नांव मिळालें. जपानी जन्माच्या गाडीनें भारतीय नांव घेतलें, आणि नांवाबरोबर हळूहळू अंगही बदललें.

हें अंग कसें बदललें तें पाहण्यासारखें आहे. परदेशी गाडी देशांत बनवावयाची म्हणजे प्रथम तिचे भाग पेट्यांतून येतात व येथें नुसते जोडले जातात. मग पत्र्याचें काम, पाटे, टायर, बॅटरी अशीं सोपीं कामें देशांतले कारखाने उचलतात. आणि शेवटीं एंजिनाचा ठोकळा, गिअरपेटी, आंसाचीं दांतेरी चाकें यांची पाळी येते. सैन्याला या क्रमाची घाई असते, आणि तिचें कारण उघड आहे. ऐन लढाईंत बंदर बंद झालें किंवा विकणाऱ्या देशाचें मन फिरलें, तर एका नळीवांचून शेंकडों गाड्या उभ्या राहतील. जोंगा व वन टन या दोहोंना एकच एंजिन होतें: सहा सिलिंडरांचें, ३,९५६ घनसेंटिमीटर मापाचें, सुमारें ११० अश्वशक्तीचें पेट्रोल एंजिन. त्यामुळें एकाच कोठारांतला भाग दोन्ही गाड्यांना चाले, आणि एका गाडीवर शिकलेला फिटर दुसरीवर अडत नसे.

अशा गाडीची निगा हें रोजचें व्रत असे. तिच्या सांध्यांना ग्रीस भरण्यासाठीं छोट्या चोच्या ठेवलेल्या असत. किंगपिन, पाट्यांच्या कड्या, शाफ्टचे क्रॉस या प्रत्येकास ठराविक मुदतीनें ग्रीस द्यावें लागे. आजच्या गाडींत पुष्कळ सांधे कायमचे बंद करून येतात. ते झिजले कीं फेंकून द्यावयाचे. जुन्या गाडीचा सांधा आधीं आवाज करतो, सावध करतो, आणि हाताळला तर पुन्हां नीट चालतो. काळ्या जमिनीचा चिखल एकदां क्रॉसमध्यें शिरला म्हणजे तो वाळून कानशीसारखा धातु खातो; म्हणून वऱ्हाडासारख्या मुलुखांत पावसाळा संपतांच जुनें ग्रीस काढून नवें भरणें अगत्याचें. उन्हाळ्याची तऱ्हा निराळी. विदर्भांत पारा ४५ अंशांपुढें गेला कीं एंजिनाजवळच्या नळींतच पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढतो आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलें फडकें गुंडाळून थोडें थांबलें कीं ती पुन्हां निघते. असलें ज्ञान कारखान्याच्या पुस्तकांत थोडें आणि मिस्त्र्याच्या बोटांत फार असतें.

या गाडीचें मोठें वैगुण्य म्हणजे तिची पेट्रोलची भूक. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध झालें आणि कांहीं महिन्यांत खनिज तेलाची किंमत सुमारें चौपट झाली. सैन्याचा खर्च सरकारी तिजोरींतून होई. पण लिलावांत निकाली गाडी घेणाऱ्या नागरिकाला हा भार सोसवेना. म्हणून मूळ एंजिन काढून त्या जागीं डिझेल एंजिन बसविण्याची वहिवाट पडली. खुद्द जबलपूरच्या कारखान्यानेंही १९९६ मध्यें नागरिकांसाठीं जी जोंगा काढली, तींत हिनो पद्धतीचें डिझेल एंजिन होतें. कारखान्यानेंच पायंडा पाडल्यावर गल्लींतल्या मिस्त्र्याला दोष कोण देणार?

तथापि एक भाग बदलला म्हणजे काम संपत नाहीं, ही गोष्ट येथेंच नीट कळते. डिझेल एंजिन जड. तें बसवितांच पुढचे पाटे दबतात आणि एखादा पाटा वाढवावा लागतो. त्याची फेऱ्यांची गति पेट्रोल एंजिनापेक्षां कमी. म्हणून आंसाचीं जुनीं दांतेरी चाकें तशींच ठेवलीं तर ओढ भरपूर राहते, पण वेग खुंटतो. एंजिन व गिअरपेटी यांच्या मध्यें जोडपट्टी घालावी लागते. तिचा मध्य केसभर चुकला तरी क्लच आणि बेअरिंग लवकर झिजतात. सर्वांत धोक्याची बाब ब्रेकची. कांहीं गाड्यांत पेट्रोल एंजिनाच्या श्वासाची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, ब्रेकच्या मदतीस लावलेली असते. डिझेल एंजिनांत हवा अडविणारा पडदा नसल्यानें ती ओढ निर्माणच होत नाहीं. निराळा पंप बसविला नाहीं, तर चालकाच्या पायाखालीं ब्रेक एकाएकीं दगडासारखा घट्ट लागतो. पेट्रोलचे पैसे वांचविण्यासाठीं केलेला बदल असा थेट जिवाशीं येऊन भिडतो.

जपानी मालमोटारींची दुसरी लाट १९८० नंतरच्या दशकांत आली, आणि तिचें भवितव्यही सुट्या भागांनींच ठरविलें. उत्तर प्रदेशांत सूरजपूरला डीसीएम टोयोटा, पंजाबांत स्वराज माझदा, मध्यप्रदेशांत पिथमपूरला आयशर मित्सुबिशी आणि हैदराबादच्या पश्चिमेस जहिराबादला ऑल्विन निस्सान असे चार कारखाने हलक्या मालमोटारी काढूं लागले. १९८५ च्या २२ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलांत पांच राष्ट्रांचा चलनविषयक करार झाला. त्या वर्षीं डॉलरला सुमारें २४० येन मिळत. १९८७ च्या अखेरीस ते सुमारें १२० वर आले. जपानांतून येणाऱ्या प्रत्येक भागाची किंमत त्या प्रमाणांत फुगली. त्याच सुमारास, १९८६ मध्यें, पुण्याच्या टेल्को कारखान्यानें आपल्या घरच्या बनावटीची '४०७' ही हलकी मालमोटार बाजारांत आणली, आणि तिनें पाहतां पाहतां बाजार काबीज केला. टोयोटाची मालमोटार मागें पडली व तो कारखाना पुढें कोरियाच्या देवू कंपनीशीं जोडला गेला. निस्सानचा कारखाना महिंद्रांकडे आला. आयशर व स्वराज टिकले, पण त्यांच्या गाड्यांचे भाग उत्तरोत्तर देशी होत गेले. जपानी गाडी चांगली होती याविषयीं कोणाचें दुमत नव्हतें. परंतु जिचा भाग परक्या नाण्यांत विकत घ्यावा लागतो, ती गाडी चांगली असूनही महाग पडते.

यवतमाळकरांना असाच एक बदल रेल्वेच्या रूपानें परिचित आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद मार्गावरील 'शकुंतला' गाडी १९२१ मध्यें मँचेस्टरला बनलेलें वाफेचें एंजिन सुमारें सत्तर वर्षें ओढीत होतें. १९९४ च्या एप्रिलांत त्याच्या जागीं डिझेल एंजिन आलें. वाफेचें एंजिन गेल्याची हळहळ पुष्कळांना वाटली, पण लोकांनीं गाडीला शकुंतलाच म्हटलें. पुढें या मार्गावरील वाहतूक थांबली, ती डिझेल एंजिनामुळें नव्हे. रूळ, पूल आणि मार्ग यांची निगा मागें पडली, म्हणून. नवा भाग जुन्या वस्तूला मारतो, ही समजूत त्यामुळें पूर्ण खरी ठरत नाहीं. उपेक्षा त्याहून अधिक मारते.

मग जुनी गाडी म्हणावयाची कोणती? आपल्या कायद्यानें या प्रश्नाला दोन बाजूंनीं उत्तर दिलें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा बदल मालकास मन मानेल तसा करतां येत नाहीं. एंजिन बदलावयाचें तर परवानगी व नोंद हवी. आणि १९२१ च्या त्या एंजिनानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९२१ चें २०२१ होतांना, केंद्र सरकारनें पुरातन वाहनांसाठीं नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली, धंद्यासाठीं न वापरली जाणारी गाडी या वर्गांत येऊं शकते. तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, पहिल्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडतें व ती नोंदणी दहा वर्षें चालते. परंतु तिचा सांगाडा, अंग किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला असूं नये, अशी अट आहे. म्हणजे ज्या डिझेल एंजिनामुळें एखादी जोंगा भंगारांतून वांचली, त्याच एंजिनामुळें ती पुरातन वाहनांच्या पंक्तीस मुकते.

या पेंचांतून वाट काढावयाची तर निगा आणि फेरबदल यांतला भेद ओळखला पाहिजे. झिजलेल्या जागीं त्याच मापाचा भाग बसविणें ही निगा. मग तो जपानांत ओतलेला असो कीं जबलपुरांत. ब्रेक, दिवे व टायर हीं जिवाचीं साधनें आहेत. तीं अधिक चांगलीं करण्यांत जुनेपणाची हानि मानूं नये. एंजिन बदलण्याचा प्रश्न याहून निराळा. पोटासाठीं गाडी चालविणारा तें बदलील, आणि त्यानें नोंद करून रीतसर बदलावें. पण काढलेलें एंजिन भंगारवाल्यास न विकतां जपून ठेवलें, सांगाड्यास कापाकापी केली नाहीं, तर पुढच्या पिढीला परत फिरण्याची वाट मोकळी राहते.

जबलपूरला जोंगाचें उत्पादन १९९९ मध्यें थांबलें. कारखान्याच्या पेटींतून नवा भाग येण्याचे दिवस तेव्हांच सरले. यापुढें प्रत्येक भाग लेथवर उतरवावा लागणार, नाहींतर दुसऱ्या मेलेल्या गाडींतून काढावा लागणार. लेथवर भाग उतरावयाचा तर आधीं त्याचें खरें माप ठाऊक हवें, आणि तें माप आज कांहीं थोड्या वृद्ध मिस्त्र्यांच्या ध्यानांत आहे. जोंवर ते हात चालत आहेत तोंवर त्यांच्या शेजारीं एखादा शिकाऊ मुलगा वही व कॅलिपर घेऊन बसला, तर या गाड्या आणखी एक पिढी चालतील.