मुलांमधील हाडांचा कॅन्सर: निदान आणि उपचार

वाढत्या वयातल्या मुलाचा गुडघा दुखू लागला की घरात पहिला प्रश्न असतो, "कुठे पडलास का?" खेळणाऱ्या मुलाला पडल्याचे काहीतरी आठवतेच आणि मग महिनाभर मलम, पट्टी, मालिश चालते. पडल्यामुळे कॅन्सर होत नाही. फार तर आधीपासून असलेल्या दुखण्याकडे त्यामुळे लक्ष जाते.

वाढीच्या वयातले साधे दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते, संध्याकाळी किंवा रात्री येते आणि सकाळी मूल पुन्हा पळू लागते. एकाच जागी, दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकणारे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे वेगळे. सोबत सूज असेल, मूल लंगडत असेल किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल, तर एक्स-रे काढाच. अशा सुजेवर मालिश करू नका, हाडवैद्याकडून पाय ओढून घेऊ नका.

या वयात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. ऑस्टिओसार्कोमा बहुतेक वेळा गुडघ्याजवळ होतो. इविंग सार्कोमा मांडी, कंबरेचे हाड, बरगडी अशा ठिकाणीही होतो. त्यात कधी ताप येतो आणि हाडात पू झाल्यासारखे वाटते.

एक्स-रेत शंका आली की त्या पूर्ण हाडाचा एमआरआय आणि छातीचा सीटी स्कॅन करतात, कारण हा आजार पसरला तर बहुधा आधी फुप्फुसात जातो. बाकी हाडांसाठी बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन असतो. पक्के निदान मात्र बायोप्सीनेच होते. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती मनातून काढा. पण बायोप्सी कुठेही उरकून घेऊ नका. पुढे ऑपरेशन करताना सुईचा मार्गही काढावा लागतो. तो चुकीच्या जागी असेल तर पाय वाचवणे अवघड होऊ शकते. म्हणून जिथे ऑपरेशन होणार त्याच केंद्रात, उदाहरणार्थ परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी, ती करावी.

उपचाराची सुरुवात सहसा केमोथेरपीने होते. साधारण अडीच-तीन महिन्यांनी ऑपरेशन आणि नंतर पुन्हा केमो. "आधी गाठ काढा ना" असे पालक म्हणतात ते समजण्यासारखे आहे. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या, रक्तातून इतरत्र गेलेल्या पेशींना आधी गाठावे लागते. इविंगमध्ये रेडिएशनचाही चांगला उपयोग होतो, ऑस्टिओसार्कोमात फारसा नाही.

आता बहुतेक मुलांचा पाय वाचवता येतो. आजारी भाग काढून धातूचा सांधा बसवतात. लहान मुलांसाठी वाढवता येणारे सांधेही असतात. काही वेळा पाय काढणेच सुरक्षित ठरते. आजार पसरलेला नसेल तर पूर्ण उपचारांनंतर साधारण दर तीनपैकी दोन मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरलेला असेल तर हे प्रमाण बरेच कमी होते, तरी उपचार सोडण्याचे कारण नाही.

केमो सुरू असताना 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी रुग्णालयात न्या. मुलगा वयात आलेला असेल तर केमोआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. हा विषय लाजेपोटी राहून जातो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच भेटीत करा. उपचार संपल्यावरही छातीच्या तपासण्या ठरल्या वेळी चालू ठेवाव्या लागतात. काही औषधांचा परिणाम हृदयावर आणि कानांवर होतो, म्हणून इको आणि ऐकण्याची तपासणीही डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्या.