नांगराची निशाणी आणि नादारीचे कागद

आपल्या खेड्यापाड्यांतील बऱ्याच घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते : 'जमीन आपली होती, पण आजोबांच्या काळात गेली.' कशी गेली, कोणाकडे गेली, किती रुपयांपायी गेली, हे मात्र कोणी सांगत नाही. घर मुलाण्याचे असो, तांबोळ्याचे असो की कुणब्याचे असो, गोष्ट त्याच ठिकाणी थांबते. पुढे असते ती लाज. आजोबांनी उधळले असेल, व्यसन असेल, अक्कल नसेल, असे नातवंडे मनाशी धरून चालतात. आजोबांना आपली बाजू मांडायची संधी मिळत नाही.

पण ती बाजू कुठेतरी लिहिलेली असण्याची शक्यता असते. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, कापडात बांधलेल्या एखाद्या गठ्ठ्यात. हे कागद समजायचे तर आधी त्यांचा जन्म कसा झाला ते पाहावे लागते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरेदुकाने लुटली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. या दंग्यांत शेतकऱ्यांना मुख्यतः हवे होते ते कागद. कर्जरोखे, खाती, हुकूमनामे मागून घ्यायचे आणि चावडीपुढे जाळायचे. सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्याच सुमारास नव्या जमाबंदीत सारा वाढला. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे केले होते. हेतू होता कर्जदाराचे रक्षण करण्याचा. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहिले जाऊ लागले. खत लिहिणारा सावकाराचा माणूस, वाचणारा सावकार, आणि खाली निरक्षर कुणब्याची सही म्हणून काढलेले नांगराचे चित्र : 'निशाणी नांगराची'. न्यायालयात त्या चित्राला पूर्ण कबुलीची किंमत होती.

इथे आपल्याला सूरह बकरा आठवल्यावाचून राहत नाही. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, लेखकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, आणि मजकूर सांगावा तो कर्ज घेणाऱ्याने, असे तिथे सांगितले आहे. अडचणीत असलेल्या कर्जदाराला सवड देण्याचीही ताकीद आहे. दख्खनमध्ये लिहिणे होते, साक्षीदारही होते. पण मजकूर सांगणारा तोंड बदलून बसला होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जायला सांगितले. पहिले कर्ज किती, कधी, कशासाठी, व्याज किती लावले, परत किती दिले, हे मुळापासून तपासायचे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. नवी खते गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिली जाऊ लागली. आणि ५० रुपये किंवा जास्त कर्ज असलेल्या शेतकऱ्याला 'मला नादार ठरवा' असा अर्ज तालुक्याच्या न्यायाधीशाकडे करता येऊ लागला.

ही शेवटची गोष्ट लहान नव्हती. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांतील व्यापाऱ्यांसाठी १८४८ चा दिवाळखोरीचा कायदा होता. पेढी बुडालेला शेठ न्यायालयाच्या आसऱ्याने पुन्हा उभा राहू शकत होता. खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी खास दार उघडले ते ३१ वर्षांनी.

तरीही नादारीचे अर्ज फार थोडे आले. कारण समजण्यासारखे आहे. नादार व्हायचे म्हणजे आपल्याकडचे सगळे चारचौघांत मांडायचे आणि त्यावरचा ताबा सोडायचा. त्यापेक्षा हिशेब तपासून घेऊन हप्ते बांधून घेणे बरे वाटे. म्हणून आपल्या पणजोबांचा शोध केवळ 'नादारी' या नोंदीखाली घेतला तर हाती काही न येण्याचाच संभव जास्त. हिशेबाचे दावे आणि गहाण सोडवण्याचे दावे यांतही पाहावे लागते.

या दाव्यांत एक मुद्दा वारंवार निघे : 'कर्जदार शेतकरी आहे काय?' कायद्याचे संरक्षण होते ते मुख्यतः शेतीवर पोट असणाऱ्याला. आता मोमीन, आतार, तांबोळी, शिकलगार यांच्यासारखी घरे घ्या. थोडी जमीन आणि जोडीला धंदा. शेतीचे उत्पन्न जास्त असल्याचे सिद्ध झाले तर संरक्षण, नाही तर सावकाराचे खत जसेच्या तसे मान्य. त्यामुळे अशा घरांच्या दाव्यात बिघे, बैल, माग, दुकान आणि मिळकत यांचा तपशील यायलाच हवा. गावातील गरीब मुसलमानांचा असा हिशेब दुसरीकडे क्वचितच मिळेल. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पुरा केला. त्यातील शेतकऱ्याची नावनिशी शोधायची असेल तर ती या दप्तरांत शोधावी.

मग शोधायचे कसे? सुरुवात न्यायालयात करू नये, तलाठ्याकडे करावी. जमीन हातची गेली त्या वेळचा फेरफार काढावा. जमीन हुकूमनाम्याने गेली असेल तर त्या नोंदीत न्यायालय, दाव्याचा क्रमांक आणि साल मिळू शकते. क्रमांक आणि साल नसेल तर रेकॉर्ड रूममध्ये शोधणे फार अवघड जाते. प्रांतिक नादारी कायदा १९०७ मध्ये आला, नंतर १९२० मध्ये नव्याने झाला. १९२० च्या कायद्याप्रमाणे नादार ठरवल्याचा हुकूम सरकारी राजपत्रात छापावा लागतो. त्यामुळे राजपत्राचे जुने खंड हीसुद्धा एक वाट आहे. क्रमांक मिळाला की न्यायालयात नकलेचा अर्ज करायचा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज इथे उपयोगी पडत नाही. न्यायालयीन कागदांसाठी न्यायालयाच्याच नियमांनी अर्ज करावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. कागद मोडीत असेल तर वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवावा.

आणि घाई करावी. न्यायालये सगळे कागद कायम ठेवत नाहीत. १९१७ च्या कायद्याने मुदत संपलेले कागद नष्ट करण्याची सोय आहे. निकाल जपला जातो, पण साक्षी, अर्ज, हिशेबाचे तक्ते जातात. म्हणजे 'जमीन गेली' एवढे उरते आणि 'का गेली' तेच नाहीसे होते. १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकाराचे कागद जाळले. आता नष्ट होतात त्यांत शेतकऱ्याचा स्वतःचा जबाबही असतो, आणि त्याबद्दल कोणी दंगा करत नाही.

कोणी म्हणेल, झाकलेली मूठ उघडायची कशाला? पण मूठ उघडली तर काय दिसेल याचा विचार करावा. मुद्दल थोडे, व्याजावर व्याज, तीन-तीन वर्षांनी बदललेली खते आणि प्रत्येक खताखाली अंगठा किंवा निशाणी. कदाचित उधळपट्टीही दिसेल, तीही सोसावी. पण ज्या आजोबांना आपण न ऐकताच दोषी ठरवले, त्यांचा जबाब एकदा तरी वाचायला हवा. तो त्यांनी न्यायाधीशापुढे दिला होता. आपल्यापुढे देण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.